रोम कुठं, मुरबाड कुठं

बांधावर उभं राहून, मिटलेल्या छत्रीचं टोक समोरच्याच्या छातीकडं रोखून ते म्हणायचे, “रोमन माणसानं असं केलं नसतं.”

छत्री बाराही महिने हातात असायची. कुणाची गुरं मोकळी सुटली, कुणी हळदीला डीजे लावला, किन्हवलीची एसटी आली नाही, माझ्या गिरणीचा पट्टा तुटला, काहीही होवो, छत्रीचं टोक वर यायचं आणि ते वाक्य पडायचं. रोमन माणसाकडं एसटी नव्हती आणि त्याच्या गिरणीला गाढव जुंपलेलं असायचं, हे त्यांनीच आम्हाला वर्गात शिकवलं होतं. पण ते त्यांना सांगायची सोय नव्हती.

असा एक माणूस तुमच्याही गावात असेल. आठवून बघा. सगळं गाव ज्याला ‘सर’ म्हणतं, ज्याच्यासमोर म्हातारी माणसंही बिडी लपवतात, आणि ज्याच्या शेजारी शेत असणाऱ्यालाच फक्त तो खरा ठाऊक असतो. माझ्या वाट्याला हे आले. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द ऐकायचे असतील तर तुम्ही शोकसभेला यायला हवं होतं. तिथं खूप लोक बोलले. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं आणि चहा घेऊन घरी आले. इथं मी माझं सांगते.

त्यांची माझी पहिली गाठ वर्गात पडली. मी मुरबाडकडच्या एका वाडीतली. किन्हवलीच्या हायस्कुलात एसटीनं यायचे. सर इतिहास शिकवायचे. पुस्तकात रोमन लोकांना दोन पानं होती, सर ती दिवाळीनंतर काढायचे आणि शिमगा आला तरी रोम संपलेलं नसायचं. बाकीचा इतिहास मग परीक्षेच्या तोंडावर धावत उरकायचा. रोमन श्रीमंत माणूस कसा कपडा गुंडाळतो ते दाखवायला त्यांनी घरून पलंगपोस आणला होता. तो खांद्यावरून टाकून ते फळ्यासमोर फिरले आणि फळ्यावरचं सगळं लिहिलेलं त्या पलंगपोसानं पुसून टाकलं. आम्ही हसलो, तर म्हणाले, “हसा. जगावर राज्य केलं त्यांनी. तुमच्यानं वाडीवर होणार नाही.”

पण शिकवायचे छान, हे कबूल करायलाच हवं. श्रीमंत माणसाच्या दारात पहाटे शेजारीपाजारी कसे ताटकळत उभे राहायचे, मालक बाहेर आला की त्याला नमस्कार करून टोपलीभर खायला कसं घेऊन जायचे, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आम्हाला ते दार दिसायचं. मालक कुशीवर लोळून जेवायचा आणि शेजाऱ्याला कुठल्या आसनावर जागा मिळाली त्यावरून त्याची गावातली किंमत ठरायची, हेही आम्हाला दिसायचं.

एक दिवस त्यांनी हद्दीच्या दगडाबद्दल सांगितलं. रोमन लोकांत हद्दीचा एक देव होता आणि दगड हीच त्याची मूर्ती. वर्षातून एकदा दोन्हीकडचे शेतकरी आपापल्या बाजूनं यायचे, दगडाला हार घालायचे, मध वाहायचे आणि एकत्र बसून जेवायचे. दगड पुरताना खाली कोळसा आणि फुटक्या भांड्यांचे तुकडे टाकायचे. मी तिसऱ्या बाकावरून हात वर केला. म्हटलं, “सर, आमच्या आज्यानंपण बांधाचा दगड पुरताना कोळसा टाकला होता. खापऱ्यापण.”

सर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “रोम कुठं, मुरबाड कुठं! बस खाली.”

वर्ग खदखदून हसला. दहावी होईपर्यंत एसटी स्टँडवर मला पाहिलं की पोरं ओरडायची, “रोम कुठं, मुरबाड कुठं!” मी घरी जाऊन आज्याला सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं असतं. मला मात्र इतका राग आला होता की तो मी कुठंतरी नीट बांधून ठेवला, आणि मी सांगते तुम्हाला, तो अजून तसाच आहे.

दहावी झाले, सुटले असं वाटलं. पुढं लग्न ठरलं ते किन्हवलीपासून जवळच. साखरपुड्याला सगळे बसलेले असताना एक माणूस छत्री घेऊन आत आला आणि माझे सासरे ताडकन उठून उभे राहिले. “हे आमचे मास्तर. आपल्या शेताला शेत लागून हाय यांचा.” सर माझ्याकडं बघून म्हणाले, “छान. विद्यार्थिनीच आमची.” त्यांना माझं नावसुद्धा आठवत नव्हतं.

त्यांचं घर गावाच्या तोंडाशी होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी ओटीपुढं दोन रोमन खांब उभे केले. गवंडी शहापूरचा. त्याचं आयुष्य देवळं बांधण्यात गेलेलं. सरांनी त्याला चित्र दाखवलं, त्यानं मान डोलावली आणि खाली कमळ, वर घंटांची माळ असे दोन खांब करून दिले. वर पत्रा. सर त्यांना शेवटपर्यंत रोमन म्हणत राहिले, आणि त्या गवंड्याला गावात कुणी पुन्हा काम देऊ नये अशी व्यवस्थाही त्यांनी केली.

रविवारी त्या खांबांमध्ये खाट टाकून ते डाव्या कोपरावर रेलून जेवायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडायच्या, “उठून बसा, घास अडकंल!” एकदा खरंच अडकला. जवळ्याची चटणी आणि भाकरी. सगळी आळी धावली, कुणी पाठीत गुद्दे घातले, कुणी पाणी आणलं. जीव थाऱ्यावर आल्यावर डोळे पुसत सर म्हणाले, “रोमन लोकही खारवलेल्या मासळीशिवाय जेवत नसत.” मारणाऱ्यांना वाटलं, अजून दोन घालायला हवे होते. मला तर नक्कीच वाटलं.

सकाळी त्यांच्या ओटीवर माणसं यायची. कुणाला पोराच्या शाळेसाठी शब्द हवा, कुणाला तहसीलमध्ये कोणाला भेटायचं ते विचारायचं. रोमन मालक टोपली द्यायचा. आमचे सर घ्यायचे. काकडी, शिराळी, तांदळाचं पीठ, करवंदं, ज्याचं जे असेल ते. त्यांनी कुणाला काही दिलेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या गिरणीवर भात भरडायला आले की तांदूळ पिशवीत पडेपर्यंत डोळ्याचं पातं लवू द्यायचे नाहीत. तांदूळ न्यायचे, कणी न्यायचे, कोंडा न्यायचे, शेवटी तूसही पोत्यात भरायला लावायचे. म्हटलं, “सर, तूस घेऊन काय करणार?” तर म्हणे, “रोमन माणूस काहीच वाया घालवत नव्हता.”

गावातून कुणी कल्याणला राहायला गेलं, कुणाच्या घरी वाटणी झाली की जमीन घ्यायला सर हजर. रोमन श्रीमंत माणूस दुकान टाकत नाही, तो जमीन घेतो, असं त्यांनी सांगितलेलंच होतं. आमच्या उशाला मुंबईचा पाण्याचा पाइप जातो आणि चैत्रात आमच्या बायका टँकरची वाट बघतात. एकदा हंडे घेऊन आम्ही उभ्या होतो तेव्हा सर तिथं येऊन सांगू लागले की रोमन लोकांनी डोंगर फोडून कमानींवरून शहरात पाणी नेलं, किती थोर. मी विचारलं, “सर, त्या कमानीखालच्या गावांना पाणी मिळायचं का?” त्यांनी खूप विचार केला. म्हणाले, “त्याबद्दल फारसं लिहिलेलं नाही.” आणि निघून गेले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून माझा तो दिवस फार चांगला गेला.

आता बांधाकडं येते.

भातशेतीवाल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. दोन खाचरांच्या मध्ये मातीचा बांध असतो. आवणीआधी, म्हणजे भाताची रोपं लावायच्या आधी, तो फावड्यानं तासायचा आणि चिखलानं लिंपायचा. सर आपल्या बाजूनं तासायचे, पण लिंपायचे नाहीत. बांध बारीक झाला की पाणी धरत नाही. मग आम्हाला आमच्या बाजूनं माती चढवावी लागायची. असा तो बांध वर्षावर्षाला वीत वीत आमच्या खाचरात चालत आला. मी बोलायला गेले की सासरे हात धरायचे. “जाऊं दे गो. आपला पोर त्यांच्या हाताखाली शिकला. मास्तरावर मोजणी आणली तं लोकं काय बोलतील?”

बांध खाल्ला तोवर मीही दात ओठ खाऊन गप्प बसले. पण त्या बांधावर, त्यांनी अजून न तासलेल्या भागात, हद्दीचा एक शेंदूर लावलेला दगड होता आणि त्या दगडाला लागूनच पाण्याचं तोंड होतं. वरच्या ओहोळाचं पाणी तिथून आमच्या खालच्या खाचरात उतरायचं. दगडाच्या अलीकडं आमचं, पलीकडं त्यांचं, आणि तोंड अलीकडं. श्रावणानंतर पाऊस डोळे वटारतो, भात पोटरीत, कणीस फुटायच्या बेतात असतं, तेव्हा त्या पाण्यावरच आमचं घरचं वर्षाचं भात पिकायचं. ते तोंड सरांच्या हातात गेलं असतं तर आम्हाला दरवर्षी त्यांच्या ओटीवर, त्या कमळाच्या खांबांपाशी, टोपली घेऊन उभं राहावं लागलं असतं.

एका उन्हाळ्यात आम्ही सगळे माझ्या माहेरी लग्नाला गेलो. परत आलो तर सरांनी जेसीबी लावून शेत सपाट करून घेतलेलं. दगड होता, शेंदूरही ताजा होता. पण तो दोनअडीच हात आमच्याकडं सरकलेला, आणि पाण्याचं तोंड आता पलीकडं.

“सर, दगड हलला,” मी म्हटलं.

“काढला होता. होता तिथंच ठेवला,” सर म्हणाले. “दगडाला हात लावताना मी काळजी घेणार नाही? मी?”

त्या वर्षी पाऊस बरा झाला, पाणी लागलं नाही. सासऱ्यांना वाटलं, मिटलं. मग फेब्रुवारीच्या शेवटी, शेतं वाळून राब भाजायच्या तयारीत असताना, सरांनी गावात निरोप फिरवला. रोमन पद्धतीनं हद्दीच्या देवाची पूजा. सर्वांनी यावं. नंतर जेवण.

नवरा म्हणाला, “जेवन फुकट हाय, चल.” त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. आमच्याकडं बांधाच्या दगडाला दोन्ही शेजाऱ्यांनी गावासमोर हार घातला आणि नारळ वाढवला की तो दगड तिथलाच झाला. मग कुणी कितीही बोंबलो, गाव विचारतं, तेव्हा हार कुणी घातला होता? सरांना रोमन देवाची हौस होतीच, ते मी नाकारत नाही. पण हौसेबरोबर पाण्याचं तोंडही पदरात पडणार होतं.

सगळा गाव जमला. झेंडूचे दोन हार, मधाची वाटी, नारळ. रोमन लोक त्या दिवशी डुकराचं पिल्लू कापायचे, त्याऐवजी सरांनी कोहळा आणला होता. खांद्यावर तो पलंगपोसच असावा असं पांढरं उपरणं. छत्रीचं टोक आभाळाकडं करून ते बोलू लागले. “हा देव कुणापुढं हलला नाही! रोममध्ये देवांच्या राजाचं देऊळ बांधायचं होतं. बाकीचे सगळे देव उठून बाजूला झाले. हा उठला नाही. राजा असशील तुझ्या घरी, म्हणाला, मी हद्द आहे!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यानं तो देव जेसीबीनं उचलला होता त्याच्या तोंडून हे ऐकताना माझे कान तापले. समोर सासरे. वाकलेले, हातात हार. सर स्वतःच्या बाजूनं प्रशस्त बांधावर उभे होते आणि सासऱ्यांना उभं राहायला जागा नव्हती म्हणून ते खाली खाचरातल्या धसकटांत अनवाणी उभे होते.

“या, घाला तुमच्या बाजूनं,” सर म्हणाले.

सासऱ्यांनी हात पुढं केले आणि मी ओरडले, “सर, एक विचारू?”

तुम्हाला सांगते, त्या माणसाचा एकच कच्चा दुवा होता. विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला की त्यांना राहवायचं नाही. घर जळत असतं तरी ते आधी उत्तर देऊन मग पाणी आणायला गेले असते.

“विचार, विचार.”

“रोमन लोक या दगडाखाली काय पुरायचे?”

“शाब्बास!” सर खुलले. “कोळसा. राख. फुटक्या भांड्यांचे तुकडे. का? कारण कोळसा कुजत नाही. शंभर वर्षं जमिनीत राहतो. दगड चोरानं हलवला तरी खालचा कोळसा उचलायचं चोराच्या ध्यानात येत नाही. मग खणून...”

छत्री हळूहळू खाली आली.

“मग खणून बघू या का, सर?” मी म्हटलं.

मी हे धीटपणे म्हटलं असं वाटत असेल, पण माझ्या हातात पुरावा काहीच नव्हता. माझ्या आज्यानं कोळसा पुरला होता तो मुरबाडकडं. इथं या बांधाखाली कुणी काही पुरलंय की नाही, मला काय ठाऊक? नसतं निघालं तर गावासमोर मास्तरांना चोर म्हणणारी सून म्हणून मी जन्मभर मिरवले असते, आणि पाणीही गेलंच असतं. सासरे म्हणाले, “काय करतंस गो!” नवऱ्याला मात्र एव्हाना सगळं समजलं होतं. तो शेजारच्या मांगरातून, शेतावरच्या खोपटातून, पहार आणि फावडं घेऊन आला.

आधी दगड आडवा केला. खाली भुसभुशीत माती, आणि तिच्यात गुटख्याची एक पुडी, रंगसुद्धा न उडालेली. लोक हसले. सर हसले नाहीत. मग मी दोनअडीच हात पलीकडं, पाण्याच्या तोंडाला लागून, जागा दाखवली. नवरा खणत गेला. वीतभर गेलं, काही नाही. आणखी गेलं, नुसती माती. मग पहारेखाली कचकन काहीतरी वाजलं. खापरी. तिच्याखाली काळे, बोटभर जाडीचे तुकडे.

सरांचा एक चुलतभाऊ सरांच्या पुढंपुढं करणारा. तो लगेच म्हणाला, “ह्या, राबाचा कोळसा हाय तो. शेतात कुठं बी खणा, गावंल!”

त्यानं सरांना दोर टाकला होता. राब म्हणजे पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून भाजलेली जमीन. आमच्याकडं प्रत्येक शेतात राबाची राख असते. सरांनी नुसतं “हो” म्हटलं असतं तर अर्धा गाव त्यांच्या बाजूला गेला असता.

सर बांधावरून खाली उतरले. पांढऱ्या लेंग्यासकट मातीत गुडघे टेकून बसले. एक तुकडा घेतला, मोडला, वास घेतला, उपरण्याला पुसला, पुन्हा बघितला. खापरी हातावर धरून तिच्यावरची माती जिभेनं ओली करून काढली. आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो तोवर कधी पाहिला नव्हता, वर्गातही नाही.

“राबाचा नाही,” ते म्हणाले. “खैराचा कोळसा आहे. आणि इतका खोल. मुद्दाम पुरलाय. आपल्याकडंही! अगदी तसंच! अरे, आपल्याकडंही!”

मग वर बघून, छत्री नसलेला हात माझ्याकडं करून म्हणाले, “तू म्हणाली होतीस. वर्गात. तिसऱ्या बाकावरून.”

मला रडू फुटायला आलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. इतकी वर्षं या माणसाला ठाऊक होतं! नाव विसरला, पण बाक आठवत होता. माफी वगैरे मागितली असेल असं वाटत असेल तर ते विसरा. एवढंच म्हणाले, “मी तुला खाली बसवलं होतं.” आणि उठून गावाकडं तोंड करून त्यांनी रोम आणि मुरबाड यांच्यात कसं साम्य आहे यावर व्याख्यान सुरू केलं. भात गार झाला तरी थांबेनात. दगड माझ्या नवऱ्यानं आणि त्या चुलतभावानं उचलून जुन्या जागी बसवला. सासऱ्यांनी त्याला आपल्या बाजूनं हार घातला. सरांनीही पलीकडून घातला. नारळाचं एक भकल त्यांनी मला दिलं, मी घेतलं, आणि आम्ही त्यांच्याकडं जेवलो. वाटाण्याची उसळ अळणी होती.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली, माणूस सुधारला. पुढच्या आठवड्यात ते शाळेची मुलं घेऊन बांधावर आले. मी आडोशाला गवत कापत होते. त्यांना म्हणत होते, “आम्ही केलेल्या उत्खननात इथं कोळसा सापडला.” आम्ही! आणि पुढच्या आवणीला बघते तर दगडापाशी बांध शाबूत, पण ओहोळाकडच्या टोकाला पुन्हा तासलेला. मी गिरणी बंद करून तशीच धावले.

“सर, लाज वाटत नाही?”

“दगड हलवलाय का?” सर म्हणाले. “दगड जागेवर आहे ना?” आणि रागानं त्यांची पुस्तकी भाषा सुटली. “तुमी काय मला शिकवता? मी शिकवलाय तुमाला! बांध माझा बी हाय!”

“अर्धा!” मी ओरडले. “अर्धाच हाय!”

मग दरवर्षी आम्ही असेच भांडलो. आवणीआधी एकदा, कापणीच्या वेळी एकदा. फेब्रुवारीत मात्र दोघांनी न बोलता दगडाला हार घालायचा. त्या दिवशी भांडायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं होत गेलं. सासरे गेल्यावर मी एकटी जायचे. सर आधीच येऊन उभे असायचे. भकल देताना म्हणायचे, “कोळसा आहे ना खाली?” मी म्हणायचे, “आहे. बघता काय खणून?” ते नको म्हणायचे.

गेल्या वर्षी ते गेले. दोन दिवस अंगात कणकण होती म्हणे. काकूंना मुलं ठाण्याला घेऊन गेली. दिवस होताच मुलांनी जमीन विकली. घेणारा मुंबईचा. त्याला आम्ही कुणी पाहिलेलं नाही. फार्महाऊस होणार आहे, आणि त्याला खांब असणार आहेत, सरांच्या त्या चित्रात होते तसेच, त्यांना गवंड्याकडून हवे होते तसे. सर म्हणायचे, रोमन श्रीमंतांनी शेजाऱ्यांच्या जमिनी घेत घेत एवढी शेतं केली की दगडाला हार घालायला पलीकडं माणूसच उरला नाही. हे सांगताना त्यांनी स्वतःच्या जमिनीचा हिशेब कधी लावला नव्हता, तो माझ्यापुरता मी लावला होता.

या उन्हाळ्यात जेसीबी आला. शेंदराचा दगड राडारोड्याबरोबर कुठल्या ढिगात गेला ते कुणालाच कळलं नाही. बांधही भुईसपाट. मुकादम गिरणीवर आला. “ताई, तुमची बाउंड्री कुठून येते? पावसाआधी पोल टाकून घ्यायचेत. मोजणीवाले येतील तेव्हा येतील, साहेबांना थांबायला टाइम नाय. तुमी दाखवा, आमी टाकतो.”

नवरा आणि मी गेलो. सपाट लाल माती, बांधाची कुठं काही खूण नाही. नवरा कानाशी आला. “तीन हात पलीकं दाखव. मास्तरानं जल्मभर खाल्ला, आज वसूल कर. कोन बघतो?”

खरंच कोण बघत होतं? विकणारा ठाण्याला, घेणारा मुंबईला, मुकादम माझ्या तोंडाकडं बघत उभा. माझ्या हक्काचंच होतं म्हणा ना ते, वीत वीत करून गेलेलं. मी हात उचलला. पाण्याच्या तोंडाचा जुना दगडी उंबरठा तेवढा एका कडेला राहिला होता. त्याच्या पलीकडं सर उभे राहायचे ती जागा मला बरोबर दिसत होती.

“इथं खणा,” मी म्हटलं. “कोळसा लागंल. लागला की तिथंच पोल.”

“कोळसा?” मुकादम हसला. पण खणलं, आणि लागला. नवरा पाय आपटत घरी निघून गेला. त्याचा राग मला समजतो. माझाही राग अनावर झाला होता, पण तो नवऱ्यावर नव्हता. जिवंत होता तोवर त्या माणसानं माझा बांध खाल्ला, आणि मेल्यावर हातात आलेले तीन हातही त्यानंच खाल्ले.

काँक्रीट ओतायच्या आधी मी गिरणीमागचा फुटका माठ आणून त्याच्या खापऱ्या खड्ड्यात टाकल्या. चुलीतला कोळसाही टाकला. मुकादम म्हणाला, “हे कशाला, ताई?” मी सांगायला तोंड उघडलं आणि सवयीनं पलीकडं बघितलं. हे सांगायचं काम सरांचं होतं. अर्धा तास सांगितलं असतं त्यांनी, शेवटी शोध स्वतःच्या नावावर लावला असता, आणि मी त्यांच्याशी कडाकडा भांडले असते.

पलीकडं कुणी नव्हतं. मुकादमानं काँक्रीट ओतलं.